रिपोर्ट सुधारला, मग गोळ्या बंद करायच्या का?

वाचकांचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६२ वर्षांचे आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना अटॅक आला. रात्रभर छातीत जळजळत होतं, पित्त असेल म्हणून सकाळपर्यंत कुणाला उठवलं नाही. स्टेंट घातला. पण दोन महिन्यांत पाय सुजायला लागले, आडवं झालं की दम लागायचा. इको केला तर ईएफ २५ टक्के. हार्ट फेल्युअर म्हणाले, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही. तेव्हापासून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बिसोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीची एक गोळी आणि स्टेंटच्या गोळ्या चालू आहेत. आता नवा इको झाला, ईएफ ४५ आला. मामा म्हणतात, ‘हार्ट बरं झालं, रिपोर्टच बोलतोय, आता मूठभर गोळ्या कशाला?’ त्यात मेडिकलवाला बोलून गेला की यातली एक शुगरची गोळी आहे. मामांना शुगर नाही. ती गोळी त्यांनी परस्पर बंद केलीय. चुलत सासरे अर्जुनसालीचा काढा घ्या म्हणतात. मुंबईच्या नणंदबाई स्टेम सेलची जाहिरात पाठवतात, तीन लाखांत हृदय नव्यासारखं होतं म्हणे. पाणी दिवसाला लिटरभरच द्यायला सांगितलंय, या उन्हात त्यांचा जीव कासावीस होतो. मीठ वर्ज्य म्हणून मी सैंधव वापरते. नवं संशोधन काय सांगतं आणि मी कुणाचं ऐकू?

– एक सून, इचलकरंजी

ताई,

मामांनी डॅपाग्लिफ्लोझिन बंद केली आहे, हे आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून कळवा. मग बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण सगळे एका ठिकाणी येऊन मिळतात. मामांना वाटतंय, आजार गेला. आजार दबला आहे. त्याला दाबून कोण बसलंय, तर त्या मूठभर गोळ्या. हे मी अंदाजाने बोलत नाही. नेमका मामांचाच प्रश्न घेऊन लंडनच्या डॉक्टरांनी एक चाचणी केली होती, तिच्याकडे येतो. त्याआधी ईएफचं बघू.

ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकलं जातं तो आकडा. धडधाकट माणसाचाही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. म्हणून २५ ऐकून ‘पाऊण हृदय गेलं’ असं धरायचं नसतं, आणि ४५ ऐकून पेढेही वाटायचे नसतात. दोन तंत्रज्ञांनी एकाच माणसाचा इको केला तर पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. तरीही २५ वरून ४५ ही झेप मोठी आहे, ती मोजण्यातली चूक नव्हे. मामांचं हृदय खरंच सुधारलंय आणि त्यांनी खूश व्हायलाच हवं. आधी ४० किंवा त्याहून कमी असलेला ईएफ उपचारांनी त्यावर गेला, की अशा रुग्णांचा आता वेगळा गट धरतात. त्याचं नाव ‘सुधारलेल्या ईएफचं हार्ट फेल्युअर’. नावातून हार्ट फेल्युअर काही गेलेलं नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात या गटासाठी स्पष्ट सांगितलंय की लक्षणं राहिली नसली तरी औषधं चालू ठेवायची.

आता ती चाचणी. नाव ट्रेड-एचएफ. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या मंडळींनी ५१ रुग्ण घेतले. सगळ्यांचं हृदय एके काळी फुगून कमजोर झालेलं होतं, पण औषधांनी ईएफ ५० च्या वर गेला होता, हृदयाचा आकार पूर्ववत झाला होता, त्रास काही नव्हता, रक्ततपासणीही छान. म्हणजे मामांपेक्षा बरेच बरे. त्यातल्या निम्म्यांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली, उरलेल्यांची तशीच ठेवली. सहा महिन्यांत औषधं बंद केलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. पुढे त्या दुसऱ्या गटाचीही औषधं काढून पाहिली, तर त्यातलेही ९ जण घसरले. २०१८ च्या शेवटी हे निकाल आले आणि ‘बरं झालं की थांबवू’ या विचाराला तिथेच खीळ बसली. हे रुग्ण अटॅक न आलेले होते. मामांच्या हृदयाला तर अटॅकमुळे जखम झालेली आहे, तिथला स्नायू मेला आहे आणि तो कोणत्याही गोळीने परत येत नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत थांबायला जागा आणखी कमी.

एक सवलत मात्र आहे. लघवीची गोळी, म्हणजे टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड, ही साचलेलं पाणी काढते. हृदयाचं आयुष्य ती वाढवते असा पुरावा नाही. सूज नाही, दम नाही, वजन स्थिर आहे, तर ती कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. स्टेंटच्या गोळ्यांपैकीही एक ठरावीक मुदतीनंतर, बहुधा वर्षभराने, डॉक्टर थांबवतात. ‘गोळ्या कमी करा’ हा मामांचा हट्ट त्या दिशेने वळवा. त्यांनाही काहीतरी जिंकल्यासारखं वाटेल.

या गोळ्या काम काय करतात, हे मामांना समजावून सांगा. आयुष्यभर माग दुरुस्त केलेल्या माणसाला ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ एवढं पुरत नाही. यंत्र कसं चालतं ते कळलं की पटतं.

हृदय कमजोर झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. त्याला वाटतं, अंगातलं रक्तच कमी झालं. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं सोडली जातात, ॲड्रेनलिनचा मारा सुरू होतो. जखम होऊन रक्त वाहत असेल तेव्हा हीच यंत्रणा माणसाला वाचवते. पण हृदय दुबळं असताना महिनोन्‌महिने ती चालू राहिली तर थकलेल्या बैलाला चाबूक मारत राहावं तसं होतं: बैल चार पावलं पळतो आणि मग बसतो तो कायमचा. पूर्वी डॉक्टरही चाबूकच शोधत होते. हृदयाचे ठोके जोरकस करणारं मिल्रिनोन नावाचं औषध गोळीच्या रूपात हजारभर रुग्णांच्या चाचणीत, निम्म्यांना देऊन पाहिलं. १९९१ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. जोर वाढला आणि माणसं लवकर गेली.

मामांच्या डब्यातल्या बिसोप्रोलोलची गोष्ट याच्या अगदी उलट. ती बीटा-ब्लॉकर जातीची गोळी. बीटा-ब्लॉकर हृदयाचा वेग आणि जोर कमी करतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते देणं म्हणजे घोडचूक, असं पुस्तकांत छापलेलं असायचं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांना ते देऊन सुधारणा झाल्याचं लिहिलं, तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. जवळजवळ पाव शतक गेलं. १९९९ मध्ये बिसोप्रोलोलची मोठी चाचणी झाली, २६४७ रुग्णांवर, आणि ती मुदतीआधी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले होते. मग दुसऱ्या गटाला नुसत्या खोट्या गोळीवर ठेवणं योग्य नव्हतं. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनचाही निकाल आला: मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. ही जुनी, स्वस्तातली गोळी. पुढे २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची पॅराडाइम-एचएफ चाचणी आली. सुमारे ८४०० रुग्ण, आणि तुलना होती एनालाप्रिलशी, म्हणजे तोवरच्या सगळ्यात भरवशाच्या औषधाशी. त्याच्याही वरताण, हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका आणखी २० टक्क्यांनी कमी.

राहिली ‘शुगरची गोळी’, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन. मेडिकलवाल्याचं चुकलेलं नाही, अर्धंच सांगितलं त्याने. या जातीच्या औषधांचा पूर्वज, फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला. ही औषधं मूत्रपिंडाला साखर लघवीवाटे सोडायला लावतात, म्हणून मधुमेहासाठी बनवली गेली. मधुमेहाच्या एका औषधामुळे हृदयाला धोका होतो अशी शंका आल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ पासून नियम केला की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. तशी तपासणी याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनची झाली आणि २०१५ मध्ये निकाल बघून सगळे चक्रावले: हृदयाला अपाय तर सोडाच, हार्ट फेल्युअरसाठी भरती होणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं होतं. साखर कमी झाल्याने एवढा फरक पडणं शक्य नव्हतं. मग ज्यांना मधुमेह नाही त्यांना देऊन बघू, असा विचार झाला. डापा-एचएफ या चाचणीत ४७४४ रुग्ण होते, त्यांतल्या निम्म्यांना मामांचीच गोळी दिली, निम्म्यांना खोटी. एकूण रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. २०१९ चा निकाल: आजार बळावण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी कमी, शुगर असो वा नसो. तेव्हा मामांना म्हणा, ही गोळी तुमच्या शुगरसाठी नाहीच, ती हृदयासाठीच दिली आहे. आणि साखर नॉर्मल असलेल्याची साखर ती सहसा उतरवत नाही.

इथे एक खासगी शंका. साठीच्या पुरुषाने एखादी गोळी गुपचूप बंद केली की मी कारण दोनदा विचारतो. डॅपाग्लिफ्लोझिनमुळे लघवीत साखर जाते आणि लघवीच्या जागी बुरशी येऊन खाज, लालसरपणा येऊ शकतो. स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांची छाती सुजते, दुखते. त्या १९९९ च्या चाचणीत दहापैकी जवळजवळ एका पुरुषाला हे झालं होतं. मामा हे सुनेला सांगणार आहेत होय? ‘मला शुगर नाही’ हे सांगायला सोपं. तुमच्या यजमानांना सांगा, रात्री जेवण झाल्यावर वडिलांना बाजूला घेऊन विचारा. दोन्हीवर उपाय आहेत. बुरशीला मलम आणि लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करण्याची सवय बहुतेक वेळा पुरते. छाती सुजत असेल तर स्पायरोनोलॅक्टोनऐवजी एप्लेरेनोन देता येतं. अडचण बोलून दाखवली की गोळी बदलता येते.

याच गोळीची आणखी एक गोष्ट. उलट्या-जुलाब होत असतील, अन्न जात नसेल, कडक निर्जळी उपवास असेल, तर त्या दिवसांत ही गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ऑपरेशन ठरलं तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. मधुमेह नसलेल्याला यातला धोका कमी, पण पंढरीला जाणारं आणि एकादशी पाळणारं घर असेल तर हे ठाऊक असलेलं बरं.

नवं संशोधन म्हणजे नवी गोळी, असं आपल्याला वाटतं. मला विचाराल तर अलीकडच्या वर्षांतलं मोठं उत्तर गोळीबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. पूर्वी आम्ही एक औषध सुरू करायचो, दोन महिन्यांनी दुसरं, असं करत वर्ष जायचं. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ चाचणीत १०७८ रुग्णांपैकी निम्म्यांना दवाखान्यातून सोडल्यावर दोन आठवड्यांतच पूर्ण मात्रेपर्यंत नेलं, वारंवार बोलावून, रक्त तपासून. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती, हे नेहमीच्या पद्धतीत २३ टक्क्यांना झालं, या पद्धतीत १५ टक्क्यांना. औषधं तीच, फक्त घाईने आणि पुऱ्या मात्रेत. मामांचा कागद घेऊन बघा: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किती मिलिग्रॅमची, बिसोप्रोलोल किती? बऱ्याचदा सुरुवातीची छोटी मात्राच वर्षानुवर्षं चालू राहते, कारण ‘बरं वाटतंय’. पुढच्या भेटीत सरळ विचारा, ‘डॉक्टर, मात्रा पूर्ण झाली का, की अजून वाढवायची आहे?’ रक्तदाब १००-१०५ दिसला म्हणून घाबरून मात्रा निम्मी करू नका. उठताना चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे महत्त्वाचं. नुसता आकडा नाही.

आणि आपल्याकडची स्थिती सांगतो, म्हणजे मामा किती नशीबवान ते कळेल. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांची नोंद करून राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्री तयार झाली. रुग्णांचं सरासरी वय साठच्या आसपास निघालं, पाश्चात्त्य देशांपेक्षा दहाएक वर्षांनी कमी. बहुतेकांच्या मागे मामांसारखाच रक्तवाहिन्यांचा आजार. भरती झाल्यापासून ९० दिवसांत शंभरातले १४ गेले. आणि ईएफ कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना शिफारस केलेली औषधं मिळत होती. तुमच्या घरात चारही औषधं डब्यात आहेत आणि डब्यावर लक्ष ठेवणारी सून आहे. एका अभ्यासाने गणित मांडलंय की ५५ वर्षांच्या रुग्णाला जुन्या पद्धतीच्या उपचारांऐवजी या चार औषधांच्या पूर्ण जोडणीने सरासरी सहा वर्षांपर्यंत जास्त आयुष्य मिळू शकतं. हा अंदाज आहे, हमी नाही. तरी एखाद्या नातवाचं लग्न बघण्याइतका काळ आहे तो.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनही २०२३ पासून बऱ्याच भारतीय कंपन्या विकू लागल्या, एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ मध्ये मोकळं झालं. किमती पार खाली आल्या आहेत. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, दोन-तीन दुकानांत आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा.

अर्जुनसाल. मला तिच्याबद्दल आकस नाही. आयुर्वेदात ती हृदयासाठी फार पूर्वीपासून आहे, आणि १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी बारा गंभीर रुग्णांवर प्रयोग करून फायदा दिसल्याचं प्रसिद्ध केलं होतं. बारा म्हणजे फारच थोडे. पुढे दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी शंभर रुग्णांवर, कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशा पद्धतीने, तीन महिने अर्क देऊन पाहिला. ईएफमध्ये फरक पडला नाही. चुलत सासऱ्यांचा मान राखायचा तर एवढंच सांगा की गोळ्यांच्या जागी काढा चालणार नाही, आणि गोळ्यांसोबत घ्यायचा झाला तर डॉक्टरांना विचारूनच. पावडरीत नेमकं काय मिसळलंय हे कळत नाही, ही माझी खरी काळजी आहे.

आता नणंदबाई. त्यांना रागावू नका, लांबून काहीतरी करावंसं वाटतं माणसाला. पण तीन लाख वाचवा. स्टेम सेलवर वीस-पंचवीस वर्षं मनापासून संशोधन झालं आहे. त्यातली मोठी चाचणी, ड्रीम-एचएफ, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचशेहून अधिक रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या हृदयात या पेशी टोचल्या, आणि जे मुख्य उद्दिष्ट होतं, म्हणजे पुन्हा पुन्हा आजार बळावणं कमी करणं, ते साधलं नाही. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा प्रस्थापित उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या काही आजारांत मान्य आहे. बाकी सगळं चाचणीतच करायचं, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ज्याने दर सांगितला, त्याने स्वतःच सांगून टाकलं की हे संशोधन नाही. नणंदबाईंना म्हणावं, त्या जाहिरातवाल्यांना भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला, म्हणजे सीटीआरआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. पुढचा फोन येणार नाही.

डुकराचं हृदय, टायटॅनियमचं कृत्रिम हृदय अशा बातम्या येतात आणि त्या खोट्या नसतात. ऑस्ट्रेलियात एका रुग्णाने असं टायटॅनियमचं कृत्रिम हृदय घेऊन शंभरहून जास्त दिवस काढले आणि मग २०२५ मध्ये त्याला दात्याचं हृदय मिळालं. ते सगळं औषधांच्या पलीकडे गेलेल्यांसाठी आहे. ईएफ ४५ असलेल्या मामांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि शॉक देणारं मशीन बसवण्याचा प्रश्नही सध्या मागे पडला आहे. तो सहसा पूर्ण औषधं देऊनही ईएफ ३५ च्या खालीच राहिला तर येतो.

पाण्याचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात जवळचा वाटला, कारण इथे रुग्णांना आम्ही विनाकारण छळत आलो आहोत. ‘पाणी मोजून प्या’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, पण त्याला भक्कम पुरावा कधीच नव्हता. २०२५ मध्ये नेदरलँड्समधली फ्रेश-अप चाचणी आली. स्थिर असलेल्या ५०४ रुग्णांपैकी निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा, निम्म्यांना तहान लागेल तसं. तीन महिन्यांनी तब्येतीत लक्षात घेण्याजोगा फरक नाही, मात्र मर्यादा पाळणाऱ्यांना तहानेचा त्रास जास्त. आणि हे नेदरलँड्समध्ये, जिथे मे महिन्यात स्वेटर घालतात. इचलकरंजीच्या उन्हात, वरून लघवीची गोळी चालू असताना लिटरभर पाण्यावर ठेवलं तर रक्तदाब पडेल, मूत्रपिंड कोरडं पडेल. मामा स्थिर असतील, सूज नसेल, तर डॉक्टरांना ही मर्यादा सैल करायला सांगा. अंगावर सूज असलेल्या किंवा रक्तात सोडियम फार उतरलेल्या रुग्णाला हे लागू नाही, म्हणून विचारल्याशिवाय करू नका.

पाण्यापेक्षा वजन मोजा. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाणी साचतंय. पायाला सूज दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन. रात्री उशी वाढवावी लागणं, झोपेतून दम लागून उठणं, हीही तशीच खूण. आणि बसल्या जागी दम, छातीत दुखणं, घाम फुटणं असेल तर फोनही नको, १०८ ला बोलवा. पित्ताची वाट एकदा बघून झाली आहे.

मिठाचंही थोडं असंच. सोडियम-एचएफ या २०२२ च्या चाचणीत ८०६ रुग्ण होते; मीठ फार कडक कमी करूनही मृत्यू किंवा भरतीत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे बिनमिठाच्या जेवणाने मामांची भूक मारू नका. पण याचा अर्थ मोकळं रानही नव्हे. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, साधारण पाच ग्रॅम. तुमच्या भागात भाजीतलं मीठ फार नसतं. ते असतं भडंगात, लोणच्यात, पापडात, खाऱ्या बटरात आणि वरून घेतलेल्या खर्ड्यात. ते आवरा. सैंधवाने काही साधत नाही, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. आणि ‘लो सोडियम’ लिहिलेलं मीठ तर घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन दोन्ही पोटॅशियम वाढवतात. तिन्ही एकत्र आले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उन्हाळ्यात कुणी प्रेमाने रोज दोन शहाळी आणून देत असेल तर तेही थांबवा, कारण तेच, पोटॅशियम.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांसारखी गोळी मामांना वर्ज्य. ती मीठपाणी साठवते आणि मूत्रपिंड दमवते. चांगला चाललेला रुग्ण चार दिवसांत भरती झालेला दिसतो तेव्हा मी आधी दुखीच्या गोळीचं विचारतो. पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात विरघळणारी फसफसती नको, तिच्यात सोडियम असतं. सारखा थकवा येत असेल तर लोह तपासा, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. कमी असेल तर या आजारात लोहाच्या गोळ्यांचा उपयोग दिसलेला नाही, शिरेतून द्यावं लागतं. फ्लूची लस दरवर्षी. चालणं रोज, बोलता येईल इतक्या वेगाने.

तुम्ही पाठवलेल्या यादीत रक्ततपासणीचा उल्लेख नाही. मामांचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) शेवटचं कधी तपासलं? तीन-चार महिन्यांपेक्षा जुनं असेल, किंवा सैंधवाबरोबर कधी ते ‘लो सोडियम’ मीठही वापरलं असेल, तर याच आठवड्यात करून घ्या आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. डॅपाग्लिफ्लोझिन पुन्हा कधी आणि कशी सुरू करायची, हेही त्याच भेटीत ठरू द्या.